पथ्याचा कागद

आमच्या ह्यांनी पहिल्यांदा माझे पाय मांडीवर घेतले तेव्हा लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याआधी त्यांनी उठून दाराची कडी लावली, खिडकी लोटली, आणि तरी समाधान होईना म्हणून खिडकीवर टॉवेल टाकला. एखाद्याला वाटावं, आम्ही दोघांनी कुणाची कोंबडी चोरून आणलीय. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी पाय साडीखाली ओढून घेतले आणि म्हटलं, "अहो नको, पाप लागेल मला."

"माझ्या नावावर लिव ते पाप," हे म्हणाले. "पाय दे हितं."

एका हातात काशाची वाटी, दुसऱ्या हातात तुपाची बरणी. हे टेम्पो चालवतात, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरची भाजी खाली आणतात. त्यांचे तळहात स्टेअरिंग धरून धरून इतके खरखरीत झालेत की वाटीची गरजच नव्हती. पण वैद्यबाईंनी वाटी सांगितली होती, म्हणजे वाटीच. हे करावं का लागलं, ते आता सांगते.

मी आरोग्य केंद्राची आशाताई. उमरठच्या अलीकडे आमची वाडी, तिथल्या आणि आसपासच्या तीन वाड्यांतल्या गरोदर बायका, लेकुरवाळ्या, लहान पोरं, सगळ्यांच्या नोंदी माझ्या वहीत. डोंगर चढायचा, उतरायचा, बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या गिळतायत की नाही ते उभं राहून बघायचं. आमच्या बायका महा बिलंदर. कुणी गोळी गालात धरते, कुणी पदराच्या टोकाला बांधते. एकीनं तर चार महिने गोळ्या कोंबडीला घातल्या. मी तिला म्हटलं, "बये, कोंबडीचं रक्त वाढलं, आता बाळंतपणाला तिलाच पाठव दवाखान्यात." माझ्या तोंडाला सगळ्या टरकून असतात. तोंड माझं आहेच तसं, आईकडून आलंय.

दोन वर्षांमागे दिवाळी झाली आणि ते तोंडच बंद पडलं. कारण विचारू नका. सगळे तेच विचारायचे, "पण झालं काय गो तुला?" काही झालं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, मुलगी चांगल्या घरी नांदत होती. तरी पहाटे तीनला डोळा उघडायचा आणि छातीत धडधड सुरू. लसूण सोलता सोलता रडू यायचं. फोन वाजला की हातपाय गार पडायचे. वही उघडायची, नाव वाचायचं आणि कुणाचं ते कळायचंच नाही. एक दिवस डाळीत मीठ दोनदा पडलं आणि मी चुलीपुढे बसून तासभर रडले. ह्यांनी ती डाळ मुकाट्यानं खाल्ली. त्याचंही मला रडू आलं.

शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. कुणी देवाला कौल लावायला सांगितलं. शेवटी आमच्याच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं, दहा प्रश्न विचारले आणि महाडला मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मी म्हटलं, "मी काय येडी हाय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या वाडीतल्या बाईला मी अशी चिठ्ठी दिली असती तर तुम्ही तिला काय सांगितलं असतंत?" मी चिठ्ठी घेतली, कारण मी तिला हाताला धरून नेलं असतं.

मनाचे डॉक्टर शांत माणूस. अर्धा तास ऐकून घेतलं. म्हणाले, हा नैराश्याचा आजार आहे, याला औषध आहे. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, आणि बरं वाटलं तरी माझ्या सांगण्याशिवाय गोळी बंद करायची नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी मान डोलावली. माझ्या बायका डोलावतात तशीच.

गुण आला. महिन्याभरात पहाटेची धडधड कमी झाली, भूक लागायला लागली. आणि त्याच सुमाराला माणगावहून मुलीचा फोन आला, "आई, मला दिवस गेलेत." तिसरा महिना लागला होता. मला आनंद झाला, पण तो लांबून आल्यासारखा, पायऱ्या चढत चढत. मग एकच ध्यास लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात पोर घरी यायला हवी आणि तोवर मी उभी राहायला हवी. तीन वाड्यांतल्या बायकांची बाळंतपणं मी पार पाडली, आणि माझ्या स्वतःच्या पोरीचं दुसऱ्या कुणी करायचं?

पण गोळीनं तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड असायचं, पोट साफ व्हायचं नाही. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, गरम पडतंय. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाणी जास्त प्या, हळूहळू कमी होईल. आणि तुमचा आयुर्वेदावर विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्यांना जरूर दाखवा, फक्त दोघांपासून काही लपवू नका.

आता हे वाक्य मी कसं ऐकलं? अर्धंच ऐकलं.

वैद्यबाईंचा दवाखाना चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल बाई, पण नाडीला बोटं लावून बसली की वय दिसत नाही. तिनं पोटापासून पाळीपर्यंत सगळं विचारलं. मग विचारलं, "सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

मी म्हटलं, "काही नाय."

का म्हटलं? लहानपणापासून ऐकलेलं, वैद्याचं औषध चालू असताना डॉक्टरी औषध घ्यायचं नाही, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. माझी आई काढा घ्यायची तेव्हा डोकेदुखीची गोळीसुद्धा घरात ठेवायची नाही. आणि खरं सांगायचं तर मनाच्या गोळ्या घेते हे या चुणचुणीत पोरीपुढे बोलायची लाज वाटली. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्या, तिनं त्याच दिवशी ठरवलं की आजपासून आपण गोळी घ्यायची नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वैद्यबाईंनी एक चूर्ण दिलं आणि कागदावर पथ्य लिहून दिलं. जेवण ठरल्या वेळी. दिवसा झोप नाही. पाचनंतर चहा नाही. रात्री आंबट आणि शिळं नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास चालायचं, कामाचं चालणं धरायचं नाही. डोक्याला तेल. आणि जेवणाआधी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. ते मात्र दुसऱ्या कुणी, आपलं आपण नाही. मी मोबाईलवर बघितलं होतं म्हणून विचारलं, "ती कपाळावर तेलाची धार नाय करायची?" ती म्हणाली, "तुम्हाला धारेपेक्षा वेळेवर जेवणाची गरज आहे."

घरात आम्ही दोघंच. दुसरं कुणी म्हणजे कोण, हे.

म्हणून ती दाराची कडी. पहिल्या दिवशी मी लाकडासारखी ताठ बसले होते. वाटी घासता घासता तळपाय काळे झाले तेव्हा हे खूश झाले, "बघ, उष्णता निघाली." मी पुढच्या खेपेला वैद्यबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "ते काशाचं आणि तुपाचं काळं आहे, उष्णता-बिष्णता नाही. पण पायांना बरं वाटतं ना? माणूस शेजारी बसतं ना? तेवढ्यासाठीच सांगितलंय." मला ती बाई तेव्हापासून आवडायला लागली. ह्यांना मी हे सांगितलं नाही, त्यांची उष्णता राहू दिली.

पथ्य मी असं पाळलं की माझ्या आईला अभिमान वाटला असता. शेजारणीच्या घरी सत्यनारायण, समोर चहा, घड्याळात सव्वापाच. नाही म्हणजे नाही. कोकम घातलेल्या सुकटीच्या वासानं जीव कासावीस व्हायचा, तरी संध्याकाळी आंबटाचं नाव नाही. आणि वाटी झाली, जेवण झालं की हे डॉक्टरांची गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचे. मी गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, मोरीवर जायची आणि गालातून काढून टाकून द्यायची. ही युक्ती मला एका चौथ्या खेपेच्या बाईनं शिकवली होती, म्हणजे तिला पकडून मी शिकले होते.

पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. उलट तोंडाचा कोरडेपणा गेला, मला वाटलं, बघा, वैद्यबाईंचा गुण. पुढं मान फिरवली की डोक्यात झिणझिण्या यायला लागल्या, चक्कर यायला लागली. मग पहाटेची धडधड परत आली, आणि या वेळी तिच्यासोबत एक विचार आला की आपण नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. आज लिहितानाही हात थांबतोय.

त्यात विहीणबाईंचा फोन आला. बाई स्वभावानं वाईट नाही, पण रोखठोक. म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी नाय असं ऐकलं. मी म्हणते, बाळंतपण आमच्याकडेच करू. तुम्ही आराम करा." मी हो-हो म्हणत फोन ठेवला आणि खाली बसले. आराम करा म्हणे. मेल्यावर माणूस आरामच करतो. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, मला वैद्यबाईंकडे न्या, औषध कडक करून मागायचंय.

मार्च महिना. तळ्यावर दरवर्षीची गर्दी, निळे झेंडे, रस्ता बंद, गाडी स्टँडवरच सोडून चालत जावं लागलं. मला गरगरत होतं. ह्यांनी एका हातानं माझा दंड धरलेला, दुसऱ्या हातानं गर्दी बाजूला करत होते. तसंच दवाखान्यात पोचलो.

वैद्यबाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले. "असं एकदम का बिघडलं? पथ्य चाललंय ना?"

"तंतोतंत," मी म्हटलं.

आणि शेजारी बसलेले हे, साधा माणूस, म्हणाले, "पथ्याचं काय बोलायलाच नको. आणि ती डॉक्टरांची रात्रीची गोळी पण मी स्वता देतो रोज. ती चालूच ठेवायची ना, बाई?"

वैद्यबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी साडीचा काठ बघत होते. "कुठल्या डॉक्टरांची?" तिनं विचारलं. ह्यांनी सांगितलं. मग तिनं मला विचारलं, "किती दिवस झाले बंद करून?"

"बंद?" हे म्हणाले. "बंद कशी? माझ्या हातानं देतो मी."

मी म्हटलं, "वीस-बावीस दिवस." आणि रडायला लागले. गालातली गोळी, मोरी, म्यानातल्या तलवारी, सगळं सांगितलं. तो पहाटेचा विचारही सांगितला. ह्यांचा चेहरा मी बघितला नाही, माझी हिंमत नव्हती. वाटलं होतं बाई आता झापणार, मी माझ्या बायकांना झापते तशी. ती म्हणाली, "हे शेवटचं सांगितलंत ते फार बरं केलंत," आणि तिथल्या तिथं मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं बोलले. माझ्या चूर्णात काय काय आहे ते तिनं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आत्ता इथून थेट त्यांच्याकडे जायचं. त्यांनी वेळ दिलाय. माझं चूर्ण आजपासून बंद, त्यांची गोळी परत बसली की बघू."

मी म्हटलं, "म्हणजे तुमचं औषध घ्यायचं नाय?"

"पथ्य आणि वाटी चालूच ठेवायची. हे बघा ताई, पाय मोडला तर हाड ते बसवणार. मी उठताना-बसताना हात देणार. मी हात देते म्हणून तुम्ही प्लास्टर तोडून टाकलंत."

मग तिनं तो पथ्याचा कागद मागितला. मी तो पर्समध्ये घडी करून नेहमी ठेवायची. सगळ्यात वरती, समासात जागा होती तिथं तिनं लिहिलं: 'डॉक्टरांची गोळी रोज, जेवणानंतर, न चुकता. चुकवली तर कुपथ्य.' कुपथ्याखाली दोन रेघा मारल्या. "तुम्ही पथ्य मोडत नाही ना?" म्हणाली. "मग हे पण पथ्य."

किती सोपं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि पथ्य म्हटल्याबरोबर शिरलं. आमची जात अशीच, औषध विसरू पण पथ्य नाही विसरणार.

डॉक्टरांना दाखवून परत येताना ह्यांनी पोलादपूरला गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "मला फसवलंस त्याचं नाय वाटत. पण एकटी होतीस एवढे दिस, त्याचं वाटतंय." त्यानंतर गोळी दिली की समोर बसून म्हणायचे, "आ कर." मी आ करायची. जीभ वर, गाल बाजूला. करावं तसं भरावं.

बरं वाटायला वेळ लागला. डॉक्टरांनी पुन्हा हळूहळू डोस वाढवला, दर आठवड्याला बोलावलं, बोलायला एक ताई होत्या त्यांच्याकडे बसवलं. एप्रिलच्या अखेरीला एक दिवस मी एका बाईवर ओरडले, तिनं पोराच्या लसीचा डोस चुकवला म्हणून. चांगली पाच मिनिटं ओरडले. हे अंगणात टेम्पो धूत होते, ते ऐकून आत आले आणि हसायला लागले. "आली बाबा," म्हणाले. मलाही हसू आलं. इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू, स्वतःचा आवाज ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

त्याच दिवशी मी विहीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, बंद केल्या ते, परत चालू केल्या ते. मग त्या म्हणाल्या, "मी पोरीला घेऊन येते. दोन दिवस राहते. बघते आणि ठरवते." म्हणजे परीक्षाच.

मे महिन्यात दोघी आल्या. पोरीला सातवा, चेहरा भरलेला, मी तिला बघतच राहिले. दोन दिवस विहीणबाई माझ्या घराला न्याहाळत होत्या. पाण्याची टाकी, संडास, रस्त्यापासून घर किती लांब, महाडला जायला किती वेळ. मी भाकऱ्या केल्या, फणसाची भाजी केली, हसले, बोलले. पण एक लबाडी केलीच. त्या येण्याआधी महाडहून आल्यापासून भिंतीवर खिळ्याला लावलेला पथ्याचा कागद काढून वहीत घातला, गोळ्या डब्यात लपवल्या. फोनवर सांगणं वेगळं, आणि डोळ्यांपुढं ठेवणं वेगळं. पहिल्या संध्याकाळी वाटी झाली नाही. गोळी मी चोरून घेतली, पण घेतली.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. सकाळी विहीणबाई जाणार होत्या. एकट्या की पोरीला घेऊन, ते अजून बोलल्या नव्हत्या. पोरीची बॅग कॉटवर तशीच, न उघडलेली. वाटीची वेळ झाली तसे हे अस्वस्थ. माझ्याकडे बघत, फडताळाकडे बघत. मी डोळ्यांनी खुणावलं, नको. तेवढ्यात, वाटीचं सगळं फोनवर ऐकलेली पोरगी म्हणाली, "आई, आज पण पथ्य नाय?"

मी तिच्या पोटाकडे बघितलं. दोन महिन्यांनी ही बाळंत होणार, हिला काही झालं, ही रडायला लागली, तर मला सांगेल का? का माझ्याकडून गालात धरायला शिकेल? मला माझाच असा राग आला.

"अहो, आणा वाटी," मी म्हटलं. वही उघडून कागद काढला आणि होता त्या खिळ्याला लावला.

हे तूप आणि वाटी घेऊन आले आणि सवयीनं दाराकडे वळले, कडी लावायला.

"राहू दे उघडं," मी म्हटलं.

ते बसले. विहिणीच्या देखत, उघड्या दारात, अंगणातून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल असे माझे पाय त्यांनी मांडीवर घेतले. कान लाल झाले होते त्यांचे. विहीणबाई उठून भिंतीपाशी गेल्या, चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग आत गेल्या. मला वाटलं, झालं.

जेवणं उरकल्यावर विहीणबाई स्वतःच तांब्याभांडं घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "गोळी कुठं ठेवलीय?" त्यांनी विचारलं. मी डबा दाखवला. त्यांनी गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

सकाळच्या गाडीनं त्या एकट्याच माणगावला गेल्या.